अंगाई कोणाची?

भांडे चोरीला गेले तर घरात भांडे उरत नाही. गाणे नेले तर मात्र ते मूळ गाणाराच्या कंठात होते तसेच राहते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तसे गाण्यावरून गाणे लागते, आणि पहिल्या दिव्याची ज्योत तिळभरही कमी होत नाही. मग गाण्याची चोरी हा शब्दप्रयोग तरी सार्थ आहे काय? हा प्रश्न केवळ तार्किकांच्या करमणुकीचा असता, तर त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या अर्धशतकात जॅझच्या वादकांनी आणि ‘जागतिक संगीत’ या नावाने बाजारात आलेल्या कलावंतांनी पृथ्वीच्या कानाकोपऱ्यांतील लोकगीते आपल्या मैफलींत व ध्वनिमुद्रिकांत आणली, आणि तुमच्या-आमच्यासारख्या मध्यमवर्गीय श्रोत्यांनी ती आवडीने ऐकली. त्या आवडीत काही अपराध आहे काय, असल्यास तो कोणाचा, आणि लोकगायकाची व परक्या वादकाची निर्दोष अशी भेट संभवते काय, एवढ्याचाच येथे विचार करावयाचा आहे. या विचाराला निमित्त झाली ती एक अंगाई. ती माझ्या घरी कित्येक रात्री वाजलेली आहे.

1970 च्या सुमारास ह्यूगो झेम्प हे मूळचे स्वित्झर्लंडचे संगीतसंशोधक प्रशांत महासागरातील सॉलोमन द्वीपसमूहात, मलाइता नावाच्या बेटावर, तेथील लोकांची गाणी मुद्रित करीत होते. त्या बेटाच्या उत्तर भागात राहणाऱ्या बाएगू लोकांपैकी अफुनाक्वा नावाच्या एका स्त्रीने त्यांच्यासमोर ‘रोरोग्वेला’ ही अंगाई म्हटली. सोबत वाद्य नाही, साथीला दुसरा आवाज नाही. त्या गीताचा आशय असा आहे की, आईबाप गेलेल्या धाकट्या भावंडाची थोरले भावंड समजूत काढीत आहे. आपण दोघेही आता पोरकी झालो, परंतु गेलेली माणसे मृतांच्या बेटावरून आपल्यावर दृष्टी ठेवून आहेत, असा धीर ते त्याला देते. 1973 साली युनेस्कोच्या संग्रहात ही मुद्रिका प्रसिद्ध झाली. तीवर गाणारीचे नाव होते, लोकांचे नाव होते, बेटाचे नाव होते. अभ्यासकांनी ती ऐकली, ग्रंथालयांनी ती जपली, आणि सुमारे वीस वर्षे त्यापलीकडे काही घडले नाही.

1992 साली ‘डीप फॉरेस्ट’ या नावाने संगीत रचणाऱ्या दोघा फ्रेंच वादकांनी अफुनाक्वाचा तो मुद्रित आवाज उचलला, त्याखाली यंत्राचा ठेका घातला, भोवती विद्युत्‌वाद्यांचे दाट स्वर पसरले, आणि ‘स्वीट लल्लबाय’ या नावाने ते गीत बाजारात आणले. ध्वनिमुद्रिकेचा सारा थाट मध्य आफ्रिकेतील अरण्यवासी पिग्मी लोकांचा होता. अफुनाक्वाचे नाव तीवर नव्हते. मुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या आणि गीत जाहिरातींतूनही वाजू लागले. परवानगीच्या प्रश्नावरून झेम्प यांनी 1996 साली एका संशोधन-वार्षिकात आपली तक्रार मांडली. परवानगी कोणी मागितली, कोणी दिली आणि कशासाठी दिली, याविषयी दोन्ही बाजूंच्या हकिकती काही जुळल्या नाहीत. त्या साऱ्या वादात पक्षकार होते ते संशोधक, संस्था आणि वादक. अफुनाक्वा त्यात कोठेच नव्हती.

त्याच 1996 साली नॉर्वेचा विख्यात जॅझवादक यान गार्बारेक याची ‘व्हिजिबल वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत त्याने हीच चाल आपल्या सॅक्सोफोनवर वाजविली आहे. चाल आफ्रिकेतील आहे असे समजून त्याने तिला नाव दिले ‘पिग्मी लल्लबाय’. म्हणजे, पाहा, प्रवास कसा झाला. प्रथम गाणारीचे नाव गळले. मग तिचे बेट गळले आणि अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडचे एक अरण्य त्याच्या जागी आले. शब्दांचा अर्थ तर कोणी विचारलाच नव्हता. आणि अखेरीस प्रत्यक्ष आवाजही गळून केवळ चाल उरली. या साखळीतील कोणाच्या मनात दुष्ट हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. गार्बारेकचे वादन तर अतिशय हळुवार आहे. ज्याने ते प्रेमाने वाजविले, त्याच्याच हातून त्या अंगाईची शेवटची खूण पुसली गेली, हे या प्रकरणातील मर्म होय.

‘डीप फॉरेस्ट’ची तबकडी आमच्या घरी आली तेव्हा माझी मुलगी तान्ही होती. तिला झोपविताना आम्ही ते गाणे लावीत असू. कोणी पिग्मी माता आपल्या बाळाला निजवीत आहे, अशी आमची समजूत होती. पुढे अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनी 2000 साली या प्रकरणावर लिहिलेला निबंध वाचनात आला, तेव्हा आमची समजूत किती चुकीची होती ते कळले. गाणारी आफ्रिकेतील नव्हती, आणि गीतातील आई तर जिवंतच नव्हती. दोन पोरक्या मुलांच्या दुःखावर आम्ही आमच्या लेकराला सुखाने झोपविले होते. याबद्दल मला लाज वाटावी की वाटू नये, हे मला त्या दिवशी ठरविता आले नाही.

येथे पहिला आक्षेप असा येईल की, लोकगीत हे कोणाच्याच मालकीचे नसते. ते वाऱ्यावरचे बी आहे. पडेल तेथे रुजते. आपल्याकडे माहेरची ओवी लेकीबरोबर सासरी जाते, तेथे तिच्यात दिराचे-नणंदेचे नाव शिरते, आणि एका पिढीत ती त्या घरचीच होऊन बसते. कोणी कोणाची अनुज्ञा मागत नाही. मग मलाइतातील अंगाई पॅरिसला जाऊन तिथली झाली, तर बिघडले कोठे? या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. लोकगीत जसेच्या तसे पेटीत कुलूपबंद राहावे, त्याला परक्या वाद्याचा स्पर्शही होऊ नये, असे म्हणणारे लोक गीताला जपत नाहीत, त्याचे शव जपतात. परंतु ओवीच्या प्रवासातील एक गोष्ट आक्षेपकाच्या नजरेतून सुटते. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असतात. शिकविणारी आणि शिकणारी समोरासमोर बसलेल्या असतात. नवी म्हणणारी चुकली तर जुनी तिला तेथल्या तेथे टोकते, आणि एखादी ओवी अमक्या प्रसंगी म्हणावयाची नसते, हेही सांगते. म्हणजे अनुज्ञेचा कागद तेथे नसला, तरी अडविणारे माणूस असते. मुद्रिकेतून गाणे उचलणाऱ्याला अडविणारे कोणीच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो जॅझच्याच इतिहासातून येतो. जॅझ हे काही राजवाड्यातील संगीत नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या वंशजांनी शेतातील श्रमगीते, भजने आणि ब्लूज यांतून न्यू ऑर्लिअन्स शहरात ते घडविले. आणि 1917 साली जॅझची म्हणून पहिली तबकडी निघाली ती मात्र गोऱ्या वादकांच्या संचाची. आपले गाणे दुसऱ्याच्या नावावर गेलेले पाहणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी जगातील इतर उपेक्षितांच्या गाण्याला हात लावला तर त्यात अपहार कसला? हर्बी हॅनकॉक या कृष्णवर्णीय जॅझवादकाची 1973 सालची ‘हेड हंटर्स’ ही ध्वनिमुद्रिका याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मध्य आफ्रिकेतील बा-बेन्झेले लोकांत पपईच्या देठाची, एकच स्वर देणारी शिटी आणि गळ्यातील आवाज आलटूनपालटून काढून वाजविण्याची ‘हिंडेव्हू’ नावाची एक पद्धत आहे. सिम्हा आरोम या संशोधकाने सहकाऱ्यासह 1966 साली प्रसिद्ध केलेल्या मुद्रिकेत ती ऐकावयास मिळते. हॅनकॉकचा साथीदार बिल समर्स याने बिअरच्या रिकाम्या बाटलीत फुंकर घालून तिची हुबेहूब नक्कल केली. पुढे फेल्ड यांनी या उसनवारीविषयी विचारले, तेव्हा हा भावाभावांतला व्यवहार आहे, अशा आशयाचे उत्तर हॅनकॉकने दिले.

हे उत्तर ऐकून प्रथम मन भरून येते. परंतु भाऊपणा एकाच बाजूने जाहीर करून चालतो काय? आपल्याकडेही एकत्र कुटुंबात एक भाऊ मिळकतीचा उपभोग घेतो आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा भाऊपणाचा उच्चार पहिल्याच्याच तोंडून अधिक ऐकू येतो. हॅनकॉकच्या मनातील आत्मीयतेविषयी मला शंका नाही. पण 1994 साली मॅडोना या गायिकेने त्या मुद्रिकेतील भाग आपल्या ‘सँक्चुअरी’ या गीतात घेतला, तेव्हा श्रेयनामावलीत नाव लागले ते हॅनकॉकचे. अरण्यातील भावांचे नाव तेथेही नव्हते. एकदा नाव गळले की पुढच्या प्रत्येक व्यवहारात ते गळतच जाते. आणि न्यायाची सर्व यंत्रे नावावर चालतात. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 1939 साली जोहान्सबर्ग येथे मुद्रित केलेले ‘एम्बुबे’ हे गीत अमेरिकेत रूपांतर होऊन जगप्रसिद्ध झाले. लिंडा स्वतः 1962 साली दारिद्र्यात मरण पावला. तरी त्याचे नाव मूळ तबकडीवर होते, म्हणून तर 2006 साली त्याच्या मुलींना तडजोडीने काही हक्क मिळू शकला. अफुनाक्वाचे नाव ज्या तबकडीवर होते ती ग्रंथालयात राहिली, आणि जगभर गेली ती दुसरीच.

मग काय, जॅझने लोकगीताला शिवूच नये? असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याचे उत्तर ज्या गार्बारेकने ‘पिग्मी लल्लबाय’ वाजविली, त्याच्याच चरित्रात आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी रेडिओवर जॉन कोल्ट्रेनचे वादन ऐकून हा मुलगा सॅक्सोफोनकडे वळला. तरुणपणी तो अमेरिकन जॅझच्या मार्गाने गेला आणि पुढे आपल्याच देशाच्या लोकसंगीताकडे परत आला. 1989 साली ‘रोसेन्सफोले’ नावाची त्याची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तीत नॉर्वेतील मध्ययुगीन कथागीते आहेत, आणि ती गाइली आहेत आग्नेस बुएन गार्नोस या लोकगायिकेने. टेलेमार्क भागातील परंपरा ज्या घराण्यात चालत आली, त्या घराण्यातील ही बाई. वेष्टनावर तिचे नाव प्रथम आहे, गार्बारेकचे नंतर. नॉर्वेच्या जुन्या गायकीत काही स्वर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अधेमधे पडतात. आपल्या श्रुतींची सवय असलेल्या कानाला ते खटकत नाहीत, पण यंत्रवाद्याला ते अडचणीचे असतात. या मुद्रिकेत ऐकणाराला जाणवते ते असे की, वाटेत अडचण आली की गाणारी आपला रस्ता सोडीत नाही. वाद्येच बाजूला सरून तिला वाट देतात. येथे गीत बदलले नाही असे नव्हे. ते पुष्कळच बदलले आहे. पण बदलताना त्याचा धनी खोलीत हजर होता.

याहून बोलके उदाहरण मारी बोईने या गायिकेचे आहे. ती नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या सामी लोकांपैकी. सामींचे ‘योइक’ नावाचे गायन मिशनऱ्यांनी पापमय ठरविले होते, आणि मारीचे बालपण अशाच कडव्या धार्मिक वातावरणात गेले. पुढे तिने ते गायन आपलेसे केले आणि त्याला जॅझ व रॉक यांच्या वाद्यमेळाची जोड दिली. ‘गुला गुला’, म्हणजे ‘ऐका, ऐका’, हे तिचे गीत गार्बारेकने 1990 साली आपल्या ध्वनिमुद्रिकेत रचनाकार म्हणून तिचे नाव देऊन वाजविले; 1993 साली ‘ट्वेल्व्ह मून्स’ या मुद्रिकेत ती त्याच्यासमवेत स्वतः गाइली. आणि त्याच सुमारास, 1994 च्या लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये गाण्याचे निमंत्रण आले असता तिने नकार दिला. राष्ट्राच्या उत्सवात अल्पसंख्याकांचा एक शोभेचा नमुना म्हणून आपल्याला उभे केले जात आहे, असे तिला वाटले. एकाच गायिकेने एका वादकाला होकार आणि एका राष्ट्राला नकार दिला. माझ्या मते त्या नकारामुळेच त्या होकाराला किंमत आली.

या प्रश्नाची किल्ली मला येथे सापडल्यासारखी वाटते. लोकगीत आणि जॅझ यांच्या भेटीची कसोटी संगीताची शुद्धता ही नाही, आणि केवळ पैसा ही तर नाहीच. दोघांपैकी दुर्बळ पक्षाला ‘नको’ म्हणता येते काय, आणि म्हटल्यास ते ऐकले जाते काय, ही ती कसोटी होय. आपल्या व्यवहारात ‘मौन हे संमतीचे लक्षण’ असे एक सोयीचे वचन चालत आले आहे. कितीएक मुलींची लग्ने या वचनाच्या आधारे लागली, आणि त्यांच्या मौनाचा खरा अर्थ घरच्यांना पुष्कळ उशिरा कळला. मुद्रित आवाज हा असाच मौनी असतो. तो गात असतो, पण बोलत नाही. त्याला कापता येते, लांबविता येते, त्याच्याखाली हवा तो ठेका घालता येतो. ‘थांबा, हे दोन पोरक्या मुलांचे गाणे आहे, यावर नाचू नका,’ असे तो सांगू शकत नाही. जिवंत मैफलीत निदान तशी शक्यता असते. गायक थांबू शकतो, लय बदलू शकतो, उठून जाऊ शकतो. आणि वादकाला त्याच्या तोंडाकडे पाहून वाजवावे लागते.

निदान शक्यता असते, एवढेच मी म्हणतो. कारण केवळ व्यासपीठावरील उपस्थितीनेही भागत नाही. खेड्यातील गोंधळी शहरातील रंगमंचावर आणला, रात्रभर चालणारा त्याचा विधी काही मिनिटांत आटपावयास सांगितला आणि मागे परक्या वाद्यांचा गजर उभा केला, म्हणजे तो हजर असला तरी त्याला नकार देता येईलच असे नाही. ज्याची त्या महिन्याची चूल त्या बिदागीवर पेटावयाची आहे, त्याचा होकार हा भुकेचा होकार असतो. म्हणून नकाराचा अधिकार खरा व्हावयाचा तर त्याच्या पाठीशी पोटाची निश्चिंती, भाषेचे ज्ञान आणि व्यवहाराची समज ही हवीतच. पैशाचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो, पण तो योग्य जागी: गाण्याची किंमत म्हणून नव्हे, गाणाराच्या स्वातंत्र्याचा आधार म्हणून.

आणि जे दूर आहेत, जे निवर्तले, ज्यांना विचारता येणे शक्यच नाही, त्यांचे काय? त्यांचे गाणे कायमचे बंद करून ठेवावयाचे काय? मला तसे वाटत नाही. परंतु ज्याला नकार देता येत नाही त्याच्या बाबतीत आपले कर्तव्य कमी होत नाही, वाढते. त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या शब्दांचा अर्थ, ही तीन तरी गाण्याबरोबर गेलीच पाहिजेत. हे अशक्य नाही. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांच्या त्या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे व तिच्या गावाचे नाव नोंदविण्याची काळजी घेतली. उद्या कोणी जॅझवादक त्यांतील एखादी ओवी घेऊ म्हणेल, तर कोणाच्या दारी जावयाचे हे त्याला विचारता येईल. ‘पारंपरिक’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. परंपरा गात नाही. कोणी तरी बाई गात असते.

सामी लोकांत योइकविषयी एक समजूत आहे, ती आपल्या स्वामित्वाच्या कल्पनेला उलटी करणारी आहे. ते एखाद्या माणसाविषयी योइक गातात असे म्हणत नाहीत. ते त्या माणसालाच योइकतात असे म्हणतात. आणि तो योइक रचणाऱ्याचा मानला जात नाही. ज्याला उद्देशून तो गाइला, त्याचा मानला जातो. हा न्याय त्या अंगाईला लावून पाहिला तर ती झेम्प यांची नव्हे, फ्रेंच वादकांची नव्हे, गार्बारेकची नव्हे. कदाचित अफुनाक्वाचीही नव्हे. ती त्या पोरक्या धाकट्या भावंडाची आहे. मी आणि माझ्यासारखे लाखो श्रोते तिच्या उंबऱ्याबाहेरचे लोक. उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकण्यात पाप नाही. पण आत कोण रडत आहे, एवढे विचारावयास हवे होते. ते आम्ही विचारले नाही. गाण्याची चोरी झाली की नाही, हे न्यायशास्त्री ठरवोत. आमच्या हातून झाली ती चोरी नसेल. ती बेपर्वाई होती, आणि बेपर्वाईला कायद्यात कलम नसले तरी मनात जागा आहे.

त्या गाण्यावर जगभर हिंडून नाचणारा एक अमेरिकन तरुण पुढे गाणारीचा शोध घेत सॉलोमन बेटांवर गेला होता. तोवर अफुनाक्वा निवर्तली होती. माझी मुलगी आता मोठी झाली आहे. ती चाल तिच्या कानात अजून आहे. मध्यंतरी तिला मी अफुनाक्वाचे नाव सांगितले आणि गीतातील दोन भावंडांची गोष्ट सांगितली. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने मूळचे गाणे लावावयास सांगितले, ज्यात ठेका नाही, वाद्ये नाहीत, फक्त त्या बाईचा आवाज आहे. आम्ही ते दोनदा ऐकले. ऋण फिटले असे मला म्हणता येणार नाही. ते कोणाचे आहे, एवढे मात्र आता आमच्या घरात ठाऊक आहे.